पार्टीची कॅड फाइल आपल्या कॅममध्ये उघडत नाही? मी करतो तसं करून बघा

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला पार्टीचा फोन येतो, "फाइल टाकलीय व्हॉट्सॲपवर, सोमवारी पहिला पीस दाखवा." तुम्ही फाइल पीसीवर घेता, कॅममध्ये (कॅड म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, कॅम म्हणजे त्या डिझाइनवरून मशीनचा प्रोग्राम बनवणारं) ओपन करायला जाता आणि ती यादीत दिसतच नाही. किंवा दिसते पण एरर मारते. आणि सगळ्यात डेंजर म्हणजे उघडते, मस्त दिसते, आणि आत कुठंतरी गडबड असते जी जॉब वाईसमधून काढून व्हर्नियर लावल्यावर कळते.

मी भोसरीला एका जॉबवर्कच्या शेडमध्ये व्हीएमसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचं, प्रोग्रामिंग करतो. आधी मशीनवरच होतो, ऑपरेटर, मग सेटर, त्यामुळे कॅड मला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही, जे आलं ते पीस वाया घालवून आलं. नवीन पोरं जॉइन होतात ती पहिल्या महिन्यात याच फाइलच्या भानगडीत अडकतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. तुमचं कॅम कुठलंही असो, क्रम हाच राहतो.

सुरू करायच्या आधी हे जवळ ठेवा

- पार्टीने पाठवलेली मूळ फाइल, आहे तशी, वेगळ्या फोल्डरमध्ये. तिला हात लावायचा नाही, काम कॉपीवर करायचं.
- ड्रॉइंगची पीडीएफ, रिव्हिजन नंबर दिसेल अशी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेलं ड्रॉइंग चालत नाही, ते दाबलं जातं आणि ३ चा ८ होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.
- पार्टीकडे कुठलं सॉफ्टवेअर, कुठल्या सालचं, ही माहिती.
- फ्रीकॅड, हे एक कॅड सॉफ्टवेअर. फुकट आहे, १.० व्हर्जन २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलं, साध्या पीसीवर चालतं.
- डीडब्ल्यूजी म्हणजे ऑटोकॅडच्या फाइलींसाठी ओडीए फाइल कन्व्हर्टर, हाही फुकट.
- नोटपॅड. हो, साधं नोटपॅड. पुढे कळेल का ते.
- कॅल्क्युलेटर आणि एक वही.

१. फाइल नक्की कसली आहे ते बघा

विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं, आधी ते दिसेल असं सेटिंग करा, नाहीतर आयकॉन बघून अंदाज मारत बसाल.

एसएलडीपीआरटी असेल तर सॉलिडवर्क्स. कॅटपार्ट असेल तर कॅटिया, चाकणच्या गाड्यांच्या कामात ही खूप येते. आयपीटी म्हणजे इन्व्हेंटर. आता गंमत पीआरटीची, कारण एनएक्सची फाइल पण पीआरटी आणि क्रिओची पण पीआरटी, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. क्रिओवाला प्रत्येक सेव्हला शेवटी एक आकडा लावतो, म्हणजे पीआरटी डॉट ७ अशी फाइल येते, विंडोजला वाटतं हा कसला तरी "७" नावाचा प्रकार आहे. घाबरू नका, ती क्रिओची सातवी आवृत्ती आहे एवढंच. पण हेही बघा की पार्टीने ७ पाठवलीय आणि ड्रॉइंग ५ च्या वेळचं तर नाही ना.

या सगळ्या त्या त्या सॉफ्टवेअरच्या घरच्या फाइली. घरच्या भाषेत बोलतात, बाहेरच्याला कळेलच असं नाही, आणि जुन्या व्हर्जनला नव्या व्हर्जनची फाइल तर घरात पण कळत नाही. तुमच्याकडे सॉलिडवर्क्स आहे पण २०२० चं, पार्टीने २०२३ मध्ये बनवलं, तर नाही उघडणार, संपला विषय.

दुसऱ्या बाजूला देवाणघेवाणीच्या फाइली: स्टेप, आयजेस, पॅरासॉलिड म्हणजे एक्स_टी, सॅट, टूडीसाठी डीएक्सएफ, आणि एसटीएल. आपल्याला पोचायचंय यातल्या एकावर.

एक सापळा इथेच सांगतो. घरच्या प्रकारातली असेंब्लीची फाइल (अनेक पार्ट जोडलेली) आली तर ती नुसती यादी असते, पार्ट तिच्यात नसतात, ते वेगळ्या फाइलीत असतात. पार्टी एकच असेंब्लीची फाइल पाठवते आणि तुमच्याकडे रिकामा स्क्रीन येतो. सॉलिडवर्क्सवाल्याला "पॅक अँड गो करून पाठवा" म्हणा, त्याला लगेच समजतं.

२. स्वतः कन्व्हर्ट करायच्या आधी फोन उचला

नव्या पोरांना हे पटत नाही. त्यांना वाटतं परत फोन केला तर पार्टी म्हणेल याला येत नाही. अहो, ज्याच्याकडे मूळ सॉफ्टवेअर आहे त्याने एक्सपोर्ट केलेली फाइल आणि आपण दोन-तीन ठिकाणी फिरवून आणलेली फाइल यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्याला दोन मिनिटं लागतात, आपली रात्र वाचते.

मी हा मेसेज फोनमध्ये सेव्ह करून ठेवलाय, तुम्हीही ठेवा:

"सर, फाइल मिळाली. आमच्या कॅमसाठी कृपया स्टेप एपी२१४ किंवा पॅरासॉलिडमध्ये एक्सपोर्ट करून पाठवा. युनिट मिमी. फक्त सॉलिड बॉडी, लपवलेले स्केच-सरफेस नकोत. सोबत ड्रॉइंगची पीडीएफ लेटेस्ट रिव्हिजनची. एलएच-आरएच (डावा-उजवा) दोन्ही असतील तर दोन वेगळ्या फाइली द्या."

स्टेप मागायची की पॅरासॉलिड? तुमचं कॅम सॉलिडवर्क्सच्या आत चालत असेल, किंवा एनएक्स, सॉलिड एज असेल, तर पॅरासॉलिड मागा, कारण या सगळ्यांच्या पोटातलं इंजिनच पॅरासॉलिड आहे, भाषांतर जवळपास होतच नाही. फक्त एक्स_टीला पण व्हर्जन असतं, एक्सपोर्ट करताना खालचं व्हर्जन निवडता येतं, तसं सांगा. बाकी सगळ्यांनी स्टेप.

स्टेपमध्ये पण तीन प्रकार भेटतील. एपी२०३ जुना, त्यात बऱ्याचदा फेसचे, म्हणजे पार्टच्या तोंडांचे, रंग गळतात. एपी२१४ मध्ये रंग येतात. आता रंग काय चाटायचेत का, असं वाटेल, पण गाड्यांच्या कामात बऱ्याच पार्ट्या मशीनिंगच्या फेसला एक रंग आणि कास्टिंगच्या फेसला दुसरा देतात, ते गेलं की तुम्हाला कळतच नाही कुठलं तोंड मारायचंय. एपी२४२ सगळ्यात नवा, त्यात टॉलरन्सची (माप किती कमी-जास्त चालेल त्याची) माहिती पण मॉडेलला चिकटून येऊ शकते, पण आपल्या बाजूला ती वाचणारं कॅम हवं.

आयजेस मागू नका. १९८० चा फॉरमॅट आहे, शेवटचं व्हर्जन ५.३ हे १९९६ मधलं. अजून चालतं, पण बहुतेक वेळा सॉलिडचे सुटे सुटे पत्रे होऊन येतात. जुन्या डायच्या पार्ट्या तेच देतात तेव्हा घ्यावं लागतं, त्याचा इलाज पाचव्या पायरीत.

३. पार्टी दाद देत नसेल तर

डिझायनर सुट्टीवर, पार्टीचा मालक म्हणतो "तुम्हीच बघा ना काहीतरी", असं होतंच. मग पर्याय कुठले?

पहिलं लक्षात घ्या, फ्रीकॅड स्टेप, आयजेस, एसटीएल, डीएक्सएफ उघडतं, पण सॉलिडवर्क्स, कॅटिया, एनएक्सच्या घरच्या फाइली उघडत नाही. त्यामुळे फ्रीकॅडने सगळं होतं असं कुणी सांगितलं तर त्याने बहुतेक करून बघितलेलं नाही.

ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, बऱ्याच घरच्या फाइली आत घेतं आणि स्टेप करून देतं. पण त्याच्या फुकट खात्यातली डॉक्युमेंट पब्लिक असतात! म्हणजे पार्टीचा पार्ट जगात कुणीही शोधून बघू शकतो. तुमच्या मालकाने पार्टीबरोबर गुप्ततेच्या कागदावर सही केली असेल तर तिथे फाइल टाकणं म्हणजे पायावर धोंडा. नेटवरच्या "फाइल टाका, स्टेप मिळवा" टाइप साइटींचं पण तेच, फाइल कुठल्या सर्व्हरवर जाऊन बसते देव जाणे. स्वतःचा फिक्स्चर, स्वतःचं डिझाइन असेल तर खुशाल वापरा.

फ्यूजनचं पर्सनल लायसन्स बरेच जण वापरतात. ते धंद्याच्या कामासाठी नाहीये हे एक, आणि २०२० पासून त्यातले बरेच एक्सपोर्ट बंद झालेत हे दुसरं. स्टेप पण बंद होणार होतं, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून राहिलं.

मी काय करतो? आमच्याच गल्लीत एक डिझाइनचं काम करणारा आहे, लायसन्सवालं सॉफ्टवेअर, त्याच्याकडून करून घेतो. फाइलमागे चहा आणि काही पैसे. पार्टीला आधी सांगतो की बाहेरून कन्व्हर्ट करून घेतोय, चालेल का. निम्म्या वेळा हे ऐकून पार्टीचा डिझायनर अचानक सुट्टीवरून परत येतो. क्रॅक व्हर्जनच्या नादी मात्र लागू नका, आपल्या मशीनचा पीसी पण त्याच नेटवर्कवर असतो.

४. युनिट. इथे थांबा, पाणी प्या, मग पुढे जा

माझी स्वतःची फजिती सांगतो. बाहेरच्या देशातल्या ऑर्डरचा एक ब्रॅकेट होता, डीएक्सएफ आली, स्क्रीनवर झकास दिसत होता. मी १२ चा एंडमिल, म्हणजे १२ मिमीचा कटर, घेऊन पॉकेट (खोलगट भाग) मारायला टाकला तर कॅम म्हणतं टूलपाथ (कटरची वाट) बनत नाही, टूल बसत नाही. दोन तास मी टूलची लायब्ररी, लीड-इन, रॅम्पचा कोन, सगळं उलटं-पालटं केलं. कॅम उघडताना पार्ट स्क्रीनभर मोठा करून दाखवतं, त्यामुळे १२० चा पार्ट आणि ४.७ चा पार्ट दिसायला सारखाच! शेवटी एक माप घेतलं तर लांबी ४.७२४. इंचातली फाइल होती.

इथपर्यंत ठीक. पुढची चूक माझ्या सवयीची. आपल्याकडे फिटर लोकांच्या तोंडात "एक इंच म्हणजे पंचवीस" बसलेलं असतं, एक सूत म्हणजे तीन मिमी म्हणतात तसंच, आणि पाइप-फिटिंगला ते खपून जातं. मी घाईत स्केल २५ टाकला. ४.७२४४ गुणिले २५ म्हणजे ११८.११. पाहिजे होतं १२०. पार्ट बघून कुणालाच संशय आला नाही कारण आता तो हाताएवढा दिसत होता, टूल पण बसत होतं, आणि चार पीस झाल्यावर भोकांचा सेंटर जुळेना तेव्हा कळलं. २५.४, पंचवीस पॉइंट चार, हे मी आता मॉनिटरच्या खाली मार्करने लिहून ठेवलंय.

तर नियम असा: फाइल उघडली की पहिलं काम तीन मापं घ्यायची. एक बाहेरची लांबी, एक दोन भोकांमधलं अंतर, एक बोअर (अचूक मापाचं भोक). तिन्ही ड्रॉइंगशी जुळली तरच पुढे. एकाच मापावर विश्वास ठेवू नका.

फाइलच्या आत काय लिहिलंय तेही बघता येतं. स्टेप म्हणजे साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडा. वरच्या ओळींत कुठल्या सॉफ्टवेअरने, कुठल्या तारखेला बनवली, कुठला एपी आहे ते सापडतं, आणि खाली युनिट. सर्च करताना इंग्रजी स्पेलिंगने "इंच" शोधा. "मिली" सापडलं म्हणून खूश होऊ नका, कारण इंचाच्या फाइलीत पण इंच म्हणजे २५.४ मिमी ही व्याख्या बहुधा लिहिलेली असते आणि त्यात मिली येतंच. आयजेसच्या सुरुवातीच्या भागात युनिटचा एक आकडा असतो, १ म्हणजे इंच, २ म्हणजे मिमी. डीएक्सएफमध्येही तसाच आकडा असतो पण तिथे १ इंच आणि ४ मिमी, ० म्हणजे काहीच सांगितलेलं नाही. आणि एसटीएलमध्ये युनिट नसतंच, नुसते आकडे, तुम्ही जे धराल ते.

बघून झाल्यावर नोटपॅड सेव्ह न करता बंद करा, हे पण सांगावं लागतं, कारण एकाने सेव्ह केलं होतं.

५. सॉलिड आलाय की पत्र्याचा डबा?

आता मुख्य दुखणं. कन्व्हर्ट होताना प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या अचूकतेने कडा जुळवतं. पॅरासॉलिड मिमीच्या लाखाव्या भागापर्यंत जातं, कॅटिया साधारण ०.००१ मिमीवर काम करतं. कॅटियाला जी कड जुळलेली वाटते ती पॅरासॉलिडला उघडी फट वाटते. मग सॉलिड उसवतो, आणि तुम्हाला मिळतो सुट्या सरफेसचा डबा. दिसायला अगदी तोच.

ओळखायचं कसं? फीचरच्या यादीत "सॉलिड" लिहिलंय की "सरफेस" ते बघा, शंभर-दोनशे सरफेसची रांग दिसली की समजा उसवलाय. किंवा मधून एक सेक्शन कापून बघा, आत पोकळ दिसला तर डबा.

शिवण मारायची पद्धत सगळीकडे थोडीफार सारखी. फ्यूजनमध्ये स्टिच, सॉलिडवर्क्समध्ये इम्पोर्ट डायग्नोस्टिक्स आणि निट, फ्रीकॅडमध्ये पार्ट वर्कबेंचला जाऊन आधी चेक जॉमेट्री चालवा, मग शेप बिल्डरमधून फेसचं शेल आणि शेलचं सॉलिड. टॉलरन्स विचारलं तर ०.०१ पासून सुरू करा, नाही जुळलं तर ०.०२, मग ०.०५. त्याच्या पुढे जायच्या आधी विचार करा की फट कुठे आहे. बाहेरच्या चॅम्फरवर (तिरक्या मारलेल्या कडेवर) असेल तर काय बिघडत नाही, पण बेअरिंगच्या बोअरमध्ये असेल तर शिवण मारून ती साईज थोडी वाकडी करताय तुम्ही.

एखादा फेस गायबच असेल तर तो पॅच करावा लागतो. हे बहुतेक फिलेटच्या, म्हणजे गोल केलेल्या कडांच्या, कोपऱ्यात होतं, जिथे तीन फिलेट एकत्र येतात तिथे. असा एक बारीक त्रिकोणी फेस आमच्या एका डायच्या फाइलीत नव्हता, नखाएवढा, आणि सरफेसवरचा फिनिशिंगचा टूलपाथ नेमका त्या खिडकीतून आत घुसत होता. सिम्युलेशनला दिसलं म्हणून वाचलो, नाहीतर ६ चा बॉलनोज कटर गेला असता आणि जॉबला खड्डा पडला असता तो वेगळा. उघड्या कडा रंगवून दाखवायची सोय जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते, ती शोधून ठेवा.

शेवटची तपासणी वजनाने. किराणा दुकानासारखी, पण खात्रीची. १२० बाय ८० बाय २० ची प्लेट म्हणजे १९२ घन सेंमी, स्टीलला ७.८५ ने गुणलं की साधारण १.५ किलो, अल्युमिनियमला २.७ ने गुणलं की अर्धा किलोच्या थोडं वर. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये वजन लिहिलेलं असतं, सॉफ्टवेअर व्हॉल्यूम काढून देतं, दोन्ही जुळवा. व्हॉल्यूम शून्य आलं तर सॉलिड नाहीच. वजन बरंच कमी-जास्त आलं तर एखादं पॉकेट गळालंय किंवा एखादं भोक बुजलंय, किंवा ड्रॉइंग दुसऱ्या रिव्हिजनचं आहे.

६. मॉडेल सांगतं ते माप आणि ड्रॉइंग सांगतं ते माप

फाइल व्यवस्थित उघडली, सॉलिड आहे, मिमी आहे. आता जो सापळा येतो त्यात अनुभवी माणूस पण पडतो.

ड्रॉइंगवर स्पिगॉटला (भोकात बसणाऱ्या गोल उंचवट्याला) २० एफ७ लिहिलंय. मॉडेलमध्ये डिझायनरने तो बरोबर २०.००० काढलाय, कारण तो तसाच काढतो. एफ७ म्हणजे या साईजला १९.९५९ ते १९.९८०. तुम्ही मॉडेलवर टूलपाथ मारला, मशीनने अगदी तंतोतंत २०.००० दिलं, तरी पीस रिजेक्ट! २५ एच७ च्या बोअरला पण बघा, तिथे २५.००० ते २५.०२१ चालतं, मॉडेलवर मारलं तर तुम्ही खालच्या काठावर उभे, जरा टूल दबलं की गेलं. म्हणून टॉलरन्सची सगळी मापं ड्रॉइंगवर पिवळ्या हायलायटरने रंगवा आणि कॅममध्ये त्या त्या फेसला स्टॉक टू लीव्ह (फेसवर किती माल ठेवायचा तो आकडा) किंवा वेअर ऑफसेटने (मशीनवर टूलच्या मापात केलेली बारीक दुरुस्ती) मधल्या मापावर आणा. मॉडेल बदलू नका, ते वेगळंच लफडं होतं.

आटे पण असेच. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा आटा बहुतेक नुसतं चित्र असतं, स्टेपमध्ये ते येत नाही, येतं साधं भोक. एम८ ला आपण ६.८ चं ड्रिल मारतो, पण मॉडेलमध्ये ते भोक ६.८ असू शकतं, ६.६४७ असू शकतं, नाहीतर सरळ ८. आणि मजा म्हणजे ६.६ हे एम६ बोल्टच्या आरपार भोकाचं नेहमीचं माप आहे. म्हणजे फाइलमध्ये ६.६ च्या आसपासचं भोक दिसलं तर ते टॅपचं की नुसतं आरपार, हे मॉडेल सांगणारच नाही. ड्रॉइंग बघा. भोकांची यादी वहीत काढा, बाजूला लिहा टॅप (आटे पाडायचे) की रीम (अचूक मापाला आणायचं) की नुसतं ड्रिल.

ड्रॉइंग बघतानाच कोपऱ्यातलं प्रोजेक्शनचं, म्हणजे कुठला व्ह्यू कुठल्या बाजूला काढलाय ते सांगणारं, चिन्ह बघा. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतं, अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलची असतात. मॉडेल आणि ड्रॉइंग उलटं वाटतंय म्हणून एकाने मॉडेल मिरर केलं होतं आमच्याकडे, मॉडेल बरोबर होतं.

७. टूडी असेल तर, वायरकट आणि लेझरवाल्यांसाठी

डीडब्ल्यूजी आली तर ओडीए कन्व्हर्टरमधून डीएक्सएफ करा. व्हर्जन कुठलं? मशीनचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर आर१२ लागतं, पण आर१२ मध्ये स्प्लाइन (मोकळी वळणदार रेषा) नावाचा प्रकारच नव्हता, त्यामुळे गोलाईचे बारीक बारीक सरळ तुकडे होतात आणि मशीन झटके देत चालतं, जॉबवर पैलू दिसतात. मशीन घेत असेल तर नवीन व्हर्जन द्या, नाहीतर कॅडमध्येच स्प्लाइनच्या जागी आर्क काढून घ्या, थोडं जास्त काम आहे पण कट सुरेख येतो.

मग डबल रेषा. एकावर एक दोन रेषा बसलेल्या असतात, डोळ्याला एकच दिसते, मशीन तिथून दोनदा जातं. ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल कमांड मारा. मग प्रोफाइल बंद आहे का बघा, एखाद्या कोपऱ्यात केसाएवढी फट असते आणि चेन, म्हणजे रेषांची सलग साखळी, तिथेच तुटते. आणि आकडा वाचून विश्वास ठेवू नका, डिझायनर कधीकधी रेषा न बदलता नुसता डायमेन्शनचा आकडा हाताने बदलतो. रेषा स्वतः मोजा.

८. एसटीएल आली तर

हात जोडून परत पाठवा. एसटीएल म्हणजे सगळा पार्ट छोट्या त्रिकोणांचा, थ्रीडी प्रिंटरला ठीक. ५० व्यासाचं भोक ३६ तुकड्यांत तोडलं तर प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर जवळपास ०.०९५ मिमीचा फरक पडतो, मशीनिंगच्या हिशोबात हे एक दशांश झालं. आणि कॅमला ते भोक आहे हेच कळत नाही, ड्रिलसाठी सेंटर पण मिळत नाही.

फ्रीकॅडमध्ये मेशचा शेप आणि शेपचा सॉलिड करता येतो, सपाट तोंडांच्या साध्या पार्टला बरा निघतो. पण खरं सांगू? प्लेट, चार भोकं, एक पॉकेट असा पार्ट असेल तर ड्रॉइंगवरून नवीनच काढा, अर्ध्या तासात होतो. मूर्तीकाम, नक्षीकाम, मोल्डचा वळणदार भाग असेल तरच एसटीएलवर सरळ टूलपाथ मारा.

९. पार्टला मशीनच्या टेबलावर आणा

गाड्यांच्या पार्टच्या फाइली बऱ्याचदा गाडीच्या कोऑर्डिनेटमध्ये असतात, म्हणजे शून्य गाडीच्या पुढच्या एक्सलपाशी कुठंतरी आणि तुमचा ब्रॅकेट तिथून दोन मीटर लांब, तोही तिरका. फाइल उघडली पण स्क्रीन रिकामा वाटला तर आधी झूम फिट मारा. मग डेटम फेस (जिथून मापं धरतात ते तोंड) धरून पार्ट सरळ करा, झेड वर, आणि जी५४, म्हणजे मशीनवरचं जॉबचं शून्य, जिथे सेटर टच करणार आहे तिथे ठेवा. सेटरला विचारून ठरवा, तुम्ही मधल्या बोअरवर ठेवलंत आणि त्याने कोपऱ्यावर टच केलं तर काय होतं ते सांगायला नको. काही सॉफ्टवेअरमध्ये वर म्हणजे वाय असतो, काहींत झेड, त्यामुळे पार्ट आडवा पडून आला तर ती एरर नाही.

१०. सेव्ह, नाव, पहिला पीस

फ्रीकॅडमधून एक्सपोर्ट करताना झाडात बॉडी सिलेक्ट करा मगच एक्सपोर्ट, नाहीतर काहीच जात नाही. प्रेफरन्समध्ये स्टेपसाठी एपी२१४ आणि मिमी आहे का एकदा बघून घ्या. एक्सपोर्ट झालेली फाइल परत रिकाम्या विंडोमध्ये उघडून चौथ्या पायरीतली तीन मापं परत घ्या, कारण जाताना पण बिघडू शकतं.

नाव देताना पार्ट नंबर, रिव्हिजन, तारीख, आणि शेवटी कुठून कुठे कन्व्हर्ट झालं ते. "फायनल", "फायनल२", "नवीन फायनल" असली नावं आमच्या पीसीवर अजून पडलीत, कुठली कशाची आता कुणालाच माहीत नाही, डिलीट करायची पण भीती वाटते.

पोस्ट केलेला, म्हणजे मशीनच्या कोडमध्ये काढलेला, प्रोग्राम आधी सिम्युलेशनला, मग जॉबच्या वर हवेत, झेड पन्नासने उचलून. पहिला पीस शक्य असेल तर नायलॉन किंवा भंगारातल्या अल्युमिनियमवर काढा. तो मोजून मापं ड्रॉइंगच्या झेरॉक्सवर पेनाने लिहा, फोटो काढून पार्टीला पाठवा आणि त्याचा "ओके" लेखी येईपर्यंत दुसरा पीस लावू नका. फोनवरचा ओके नको, मेसेज पाहिजे, त्यात रिव्हिजन नंबर लिहिलेला.